फाटकावरची हातबोशी

माझी नात कायदा शिकते. परवा ती आली, अर्धा कप चहा तसाच ठेवून तिने वही उघडली आणि हिब्रूत विचारलं, "सावता, साधी माणसं गुन्हा का करत नाहीत, सांग ना." सावता म्हणजे आजी. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिब्रूत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चालतं. तिच्या सरांनी म्हणे फळ्यावर दोन कारणं लिहून दिली आहेत, पकडलं जाण्याची भीती आणि शिक्षेची भीती. मला हसूच आलं. म्हटलं, तुझ्या सरांनी जन्मात कधी काही चोरलेलं दिसत नाही. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आणि तू चोरलंस?" म्हटलं, चोरलं की! तेवढ्यात तिची बस आली आणि ती पळाली. तेव्हा तिच्यासाठी, आणि ज्यांना बस गाठायची घाई नाही त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही मुंबईहून नुकतेच इस्राएलात आलो होतो आणि बेर शेवाजवळच्या छावणीत राहत होतो. पत्र्याची एक खोली, तीत आई, बाबा आणि मी. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नसे, आणि वारा सुटला की वाळू पत्र्यावर अशी आपटायची की कोणी तांदूळ पाखडतंय असं वाटावं. तांदूळ मात्र दृष्टीस पडत नव्हता. सगळं रेशनवर. अंड्यांची पूड, बर्फातला पांढराफटक मासा, काळा पाव. आईने त्या माशाशी उघड युद्ध पुकारलं होतं. मुंबईहून आणलेला मसाला ती चिमटीचिमटीने वापरायची, आमसूल तीनदा भिजवायची, आणि त्या बेचव तुकड्याचं असं कालवण करायची की शेजारच्या मोरोक्कोच्या बायका दारात येऊन हुंगायच्या. "हुंगा गो हुंगा, वासाला रेशन नाय," आई मराठीतच म्हणायची. त्यांना ते कळायचं नाही, पण त्या पोट धरून हसायच्या.

बाबांनी मुंबईत बावीस वर्षं तुरुंगात वॉर्डरची नोकरी केली होती. नवा माणूस भेटला की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "मी बावीस वर्षं तुरुंगात काढली," आणि समोरच्याची उडालेली भंबेरी मजेत बघत बसत. आई कपाळाला हात लावायची. इथे आल्यावर त्यांना छावणीच्या कडेला असलेल्या मुरंब्याच्या कारखान्यात खोकी उचलण्याचं काम मिळालं. मला सतरावं सरत होतं. मी त्याच कारखान्यात बरण्या भरण्याच्या खात्यात लागले. सकाळी दोघं बरोबर निघायचो. ते भराभर चालायचे आणि मी मागून धावायची.

त्या दिवसांत मुरंब्याचा कारखाना म्हणजे आम्हां सगळ्यांना कुबेराची कोठी. घरी साखर चमच्याने मोजून चहात पडायची आणि इथे पोतीच्या पोती भिंतीला टेकून उभी. साखर जायला लागली यात नवल ते काय? रुमालाच्या गाठीत जायची, बुटांत जायची, अंबाड्यातसुद्धा जायची. कोण नेत होतं म्हणाल, तर जवळजवळ सगळ्याच. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावणाऱ्या, शेजारणीच्या तापात रात्रंदिवस बसणाऱ्या, रस्त्यात सापडलेली किल्ली घरोघर विचारत फिरणाऱ्या बायका. आता मागे वळून बघते तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. कारखाना कोणाचा, तर सरकारचा की कंपनीचा, कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ज्याला तोंड नाही त्याच्याकडून घेताना चोरी केल्यासारखं वाटत नाही.

कारखान्याचा व्यवस्थापक झेलिग रुमानियाचा होता. हडकुळा, कानावर पेन्सिल, सचोटीचा आणि सदा वैतागलेला. एका सकाळी त्याने सगळ्यांना अंगणात जमवून जाहीर केलं की तारेचं कुंपण येणार, फाटकाजवळ पत्र्याचं खोपट येणार, आणि सुटताना प्रत्येक बाईची त्या खोपटात झडती होणार. झडती घेणार पहारेकरी, म्हणजे पुरुष. माझी आई तिथे कामाला नव्हती, पण मी घरी सांगितलं तेव्हा तिच्या हातातली पळी खाली पडली. दुसऱ्या दिवशी बाबा खोकं खाली ठेवून सरळ झेलिगकडे गेले. मी बरण्या पुसत ऐकत होते.

"साहेब, मला फाटक द्या," बाबा त्यांच्या मोडक्या हिब्रूत म्हणाले.

"फाटकावर काय करशील तू?"

"हात तपासीन. नव्या वर्षाच्या सणापर्यंत. तोवर साखर बाहेर गेली, तर बांधा खोपट. मी स्वतः पत्रे ठोकून देईन. नाही गेली, तर बायांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही."

झेलिगने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. "सणापर्यंत," तो म्हणाला. "एकदा जरी गेली तरी खोपट."

बाबांनी फाटकात एक स्टूल टाकलं, इस्त्री केलेला सदरा घातला आणि संध्याकाळी पहिली बाई समोर आली तेव्हा दोन्ही हात पुढे केले. आम्हां बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत ही हातबोशी. एकाने दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या दोन तळव्यांत घ्यायचे, मग हात सोडून दोघांनीही आपापली बोटं ओठांना लावायची. शब्बाथला मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती शेवटच्या पोरापर्यंत पोचते. बाबांना झडती घ्यायची सांगितली असती तर ती त्यांना जमली नसती. ओळखीच्या बाईचा पदर चाचपायचा कसा? म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं. आमच्या बायकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मोरोक्कोच्या बायका आधी बिचकल्या, मग त्यांनाही ते आवडायला लागलं. त्यांच्यातली झोहरा नावाची वयस्क बाई फार सोवळी. ती आपल्या शालीचं टोक हातांवर घेऊन मगच हात पुढे करायची. बाबा हात धरून प्रत्येकीला काहीतरी विचारत. सासूचा दमा कसा आहे, मुलगा सैन्यातून आला का, आज काय शिजणार. नावं त्यांना तीन दिवसांत पाठ झाली.

यावरून एक गंमत झाली. झेलिगने कचेरीच्या खिडकीतून पाहिलं, तर बाई हात पुढे करते, पहारेकरी ते धरतो, आणि मग दोघंही बोटं तोंडाला लावतात! त्याची खात्रीच पटली की बायका मुठीत साखर आणतात, याला वाटा देतात आणि दोघं मिळून चाटतात. तो धावत आला आणि त्याने बाबांचे तळवे नाकाशी धरून हुंगले. तंबाखूचा वास आला असेल. बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचेही हात द्या," आणि त्यांनी झेलिगची हातबोशी घेतली. तो लाल झाला आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसला. पण आठवड्याच्या शेवटी पोती वजनात भरली. पुढच्या आठवड्यातही भरली. बाबा घरी जेवताना म्हणाले, "अगो, मी बावीस वर्षं कुलपं लावली. कुलूप बघून सुधारलेला एक इसम मला दिसला नाय." आई म्हणाली, "आधी हे कालवण संपवा, मग जगाला सुधारा."

आता माझी गोष्ट. नव्याचा सण, म्हणजे आमच्या वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी आमच्याकडे चिकाचा हलवा झालाच पाहिजे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात आणि साखरेत तो हात मोडेस्तोवर ढवळायचा, ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या. इथे आल्यापासून आईला तो जमला नव्हता. त्या वर्षी गहू मिळाले, मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाबरोबर मावशीने दोन सुके नारळ धाडले, आणि आईच्या अंगात बळ आलं. सण महिन्यावर होता, तरी तिने गहू निवडूनही ठेवले. साखरेचं काय करणार, विचारलं तर म्हणाली, "एलियाहू हन्नबी बघतील." अडीनडीला आम्ही ज्यांचा धावा करतो ते हे आमचे संदेष्टे. दुसऱ्या दिवशी ती वरवंटा हातात धरून नुसती बसलेली दिसली. "हलव्याशिवाय सण म्हणजे परमुलखात आलो हे आता पक्कंच झालं," ती म्हणाली. आई सहसा रडणारी नव्हती. मला ते बघवलं नाही.

म्हणून मी ठरवलं, आणि अगदी हुशारीने ठरवलं. झेलिग झाकणं आणायला तेल अवीवला जाणार होता. माझ्या खात्यातलं एक पोतं उघडंच होतं आणि उघड्या पोत्याचं वजन कोणी करत नसे. फाटकवाल्याच्याच मुलीवर संशय कोण घेणार? आणि पकडलंच, तर सतरा वर्षांच्या पोरीला फार तर ओरडतील. नातीच्या सरांनी फळ्यावर लिहिलेली दोन्ही कारणं मी त्या दुपारी पुसून टाकली होती. अडचण एकच होती, हातबोशीची. दोन्ही हात पुढे केले तर काखेतली पिशवी घसरणार. त्यावरही मी तोड काढली. मुरंब्याच्या कढयांपाशी कोणी ना कोणी भाजतच असे. मी डाव्या हाताला चिंधी गुंडाळली, गळ्यात फडकं बांधून हात त्यात अडकवला, आणि जुन्या परकराच्या कापडाची साखरेने भरलेली पिशवी कोपर आणि बरगडीच्या मधे घट्ट दाबून धरली. झोळीतला हात, कोणाला शंका येणार?

सुटी झाली. ओळ सरकत होती. बाबांसमोर आले आणि एकच हात पुढे केला.

"काय झालं गो?"

"भाजला, बाबा. कढईला लागला."

त्यांनी माझा उजवा हात दोन्ही तळव्यांत घेतला. इतका अलगद, की जणू तोच भाजला होता. "एका हाताची म्हणजे अर्धी झाली," ते म्हणाले. "बरी झालीस की उरलेली घेऊ. घरी जा, आईला तेल लावायला सांग." त्यांनी बोटं ओठांना लावली. मी बाहेर पडले. मागे ते पुढच्या बाईला सांगत होते, "पोरीचा हात भाजला, तरी दिवस पुरा भरला तिने." आवाजात कौतुक होतं. झोहरा आधीच बाहेर पडली होती. माझी झोळी बघून ती परत वळली, आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "गळ्याला फडकं काचेल, बेटी." ज्या शालीशिवाय ती परक्याच्या हाताला हात लावत नसे, ती शाल!

पाण्याच्या टाकीपर्यंत गेले असेन. मला कोणी पाहिलं नव्हतं, कोणी हाकही मारली नाही. घाबरले होते का? नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मला फक्त लाज वाटत होती. बाबांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी खुशाल घरी गेले असते आणि हलवा खाल्ला असता. पण त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि तो त्या पिशवीपेक्षा जड झाला होता. तेवढ्यात झेलिगचा ट्रक धूळ उडवत फाटकाकडे गेला. तो लवकर परतला होता. परत जायला याहून वाईट वेळ नव्हती, हे मला कळत होतं. घरी बाबांना एकटं गाठूनही सांगता आलं असतं. पण ओळ अजून चालू होती, आणि त्या ओळीतली प्रत्येक बाई दोन्ही हात देऊन बाहेर पडत होती. मी वळले.

ओळीच्या उलट दिशेने मी फाटकात शिरले. झोळी सोडली, चिंधी सोडली आणि पिशवी बाबांच्या स्टुलावर ठेवली. "बाबा, हात भाजलेला नाही," मी म्हटलं. "साखर आहे. आईच्या हलव्यासाठी घेतली." आणि मी दोन्ही हात पुढे केले.

बाबांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "आज नको," ते म्हणाले. "मी ड्यूटीवर आहे."

झेलिग ट्रकमधून उतरून आला. ओळीतल्या बायका श्वास रोखून उभ्या होत्या. बाबांनी ती पिशवी पायाने स्टुलाखाली सारली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. बायकांना तेच हवं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. बाबा उभे राहिले. "साखर बाहेर गेली, साहेब. माझी मुलगी घेऊन गेली. मीच तिला एका हातावर सोडली. तुम्ही म्हणालात ते खरं झालं. सांगा, पत्रे कधी ठोकू?"

झेलिगने पिशवी उचलून पाहिली. "तू पकडलीस तिला?"

"नाही."

"मग कोणी पकडली?"

"कोणी नाही. बाहेर गेली होती. आपली आपण परत आली."

"किती लांब गेली होती?"

"त्या टाकीपर्यंत," मी म्हटलं.

झेलिग टाकीकडे बघत राहिला. मग पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. "मी याआधी दोन कारखान्यांत कुंपणं घातली," तो म्हणाला. "कुंपणाबाहेर गेलेली साखर परत आलेली आज पहिल्यांदा बघतोय." मग नेहमीसारखा वैतागून बाबांवर ओरडला, "ओळ का थांबली आहे? बस त्या स्टुलावर!" ओळीत कोणीतरी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की बाकीच्या हसल्या. खोपट झालं नाही, तारही आली नाही. मला मात्र त्याने बरण्यांच्या खात्यातून काढून आलुबुखार धुण्याच्या हौदावर लावलं, आणि ते योग्यच केलं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती जी कडाडली! "माझ्यासाठी चोरलंस? माझं नाव नको घेऊस. एलियाहू हन्नबीला मी काय तोंड दाखवू?" त्या रात्री तिने जेवण वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "सणापर्यंत चहा बिनसाखरेचा. जेवढी रेशनची साखर साठेल, तेवढा हलवा." इतका साधा उपाय आमच्यापैकी कोणालाच आधी सुचला नव्हता, याचा मला आजही अचंबा वाटतो.

बाबा मात्र बोलायचे, हसायचे, पूर्वीसारखं भराभर पुढे चालायचे. फक्त संध्याकाळी फाटकात माझी पाळी आली की मान हलवून "जा" म्हणायचे. माझे हात घेत नसत. सगळ्यांचे घेत, माझे नाही. मी रोज दोन्ही हात पुढे करायची आणि रोज तसेच मागे घ्यायची. शिक्षा म्हणाल, तर ही. एका संध्याकाळी मी झोहराची शाल धुऊन परत द्यायला गेले, तेव्हा तिने मला टाकीजवळ बसवलं. "मी दोनदा साखर घेतली होती," ती म्हणाली. "दोन्ही वेळा ओळीत लागण्याआधी मोरीत ओतली. शिपायाशी मी हवं तेवढं खोटं बोलेन. पण तुझा बाप माझ्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करतो. त्याच्याशी कसं बोलू?" मग डोळे मिचकावून म्हणाली, "तू बरी! निदान परत आणलीस. माझी तर सगळी मोरीत गेली."

पुढे बाबांचे गुडघे गेले तेव्हा फाटक कोणाला द्यायचं असा प्रश्न निघाला आणि झेलिगनेच माझं नाव घेतलं. मी तिथे एकवीस वर्षं बसले. साधी माणसं गुन्हा का करत नाहीत, याचं उत्तर मला तिथे रोज संध्याकाळी मिळत होतं, आणि नातीच्या सरांना हवं असेल तर मी फळ्यापाशी येऊन सांगायला तयार आहे. आपल्याला नावाने ओळखणारं, आपल्या घरची चौकशी करणारं एक माणूस वाटेत उभं असावं लागतं. बाकी तारा आणि कुलपं अनोळखी लोकांसाठी.

पण मला सांगायचा आहे तो नव्याचा सण. आमची मशीद म्हणजे एक पत्र्याचीच खोली, बायका बाहेर अंगणात. प्रार्थना संपली, आत हातबोशी सुरू झाली आणि एकाकडून दुसऱ्याकडे होत दारापर्यंत आली. बाबा पांढऱ्या सदऱ्यात बाहेर आले. आईची हातबोशी घेतली, शेजारणींची घेतली. मी आईच्या मागे हात पाठीशी धरून उभी होते. पुन्हा हात पुढे करून पुन्हा मागे घ्यायचं, तेही सणाच्या दिवशी सगळ्यांदेखत, एवढं बळ माझ्यात नव्हतं. आमच्या घरात हात आधी लहानांनी पुढे करायचे असतात. बाबा माझ्यासमोर थांबले आणि त्यांनीच आधी दोन्ही हात पुढे केले.

"भाजलेला हात बरा झाला का गो?" त्यांनी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"झाला, बाबा," मी म्हटलं, आणि दोन्ही हात दिले.